मुली थांबा, मुलगे जा

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी हेमाताईचा फोन. माझी सख्खी मोठी बहीण, ठाण्याला शाळेत शिकवते, आणि सहसा रडत नाही. आज हुंदके देऊन रडली. तिच्या वर्गातल्या नववीच्या मुलीनं कुणा मुलाला आपला नको तसला फोटो पाठवला होता. त्यानं तो पुढे ढकलला, त्या पुढच्यानं आणखी पुढे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी शाळेत आलीच नाही. आईबापांनी दाखला काढून घेतला आणि ठाणंच सोडलं.

"अगं, कुणालाच बोलली नव्हती ती," ताई सारखी तेच म्हणत होती. "डबा तसाच परत न्यायची. मला वाटलं, डाएटचं खूळ असेल. माझ्या डोळ्यांसमोर बसायची गं!"

मला रडू नाही आलं, संताप आला. कुकरची शिटी झाली तरी मी तशीच उभी. मग ठरवलं. माझ्या क्लासला नववी-दहावीची एवढी मुलं येतात. ह्यांच्यापैकी एकही पोर अशी तोंड दाबून बसता कामा नये. काही झालं तर त्याच दिवशी येऊन मला सांगायला हवं, एवढंच मला हवंय. गणित काय, वर्षभर शिकवतेच आहे.

कमलेशला सांगितलं. म्हणाला, "तू त्रिकोणमिती शिकव ना बाई." नवऱ्याचा पाठिंबा तो असा.

एक बरंय, मला मुलगा आहे. मुलीची आई असते तर आज मला घास गिळवला नसता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मुलांशी ह्या फोटोंच्या विषयावर बोलायचं म्हणून दिवसभर पालकांना फोन. घसा बसला.

नववीतल्या कादंबरीची आई मृणाल म्हणाली, "छान आहे गं उपक्रम, पण आमच्या घरात असलं काही नसतं. कादंबरी तशी नाहीये." तशी म्हणजे कशी, विचारलं, तर म्हणे, तुला कळतंय ना. नाही कळत! आणि ही मृणाल बँकेत ऑफिसर आहे.

लक्ष्मीताई तर घरीच आल्या. मूळच्या इथल्या कोपर गावच्या. सासऱ्यांच्या भातशेतीवर आता तीन बिल्डिंगा आहेत आणि दोन्ही मुलं माझ्याकडे, भावना नववीत, विकी दहावीत. खुर्चीवर टेकायच्या आतच सुरू झाल्या. "मॅडम, असला सांगून पोरीच्या डोक्यान नको ता भराल तुमी."

"तिच्या हातात फोन कुणी दिला?"

"तिच्या मामानी."

"मग भरायचं ते मामानी भरलंय. मी नुसतं झाकण लावतेय."

खो खो हसल्या आणि कबूल झाल्या. जाताना दारातून वळून म्हणाल्या, "पन पोरींनाच बोलवा हां. पोरांच्या समोर नको."

मी म्हटलं, अर्थात! ते काय सांगायला हवं? आमच्या शाळेत नाही का, कुणी बाई काही 'तसलं' सांगायला आल्या की मुख्याध्यापिका ओरडायच्या, "मुली थांबा, मुलगे जा!" आणि मुलगे बोंबलत मैदानावर पळायचे. आम्ही आत, पंखे बंद, खिडक्या बंद, घामाघूम. पण मोकळेपणानं बोलता यायचं हे खरं.

रविवार ठरला. मुली क्लासमध्ये, मुलगे ग्राउंडवर.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तयारीला बसले आणि कळलं की मला काहीच कळत नाही. स्टोरी काय, रील काय, 'स्नॅप' आपोआप पुसला जातो म्हणजे नक्की काय होतं. अद्वयला हाक मारली. म्हटलं, राजा, आईला जरा इन्स्टाग्राम शिकव. एकदम अंगावर आला. "मला काय माहीत? मी वापरत नाही ते!" आणि दार धाडकन लावलं.

वापरत कसा नाही? परवापर्यंत तर बॅडमिंटनचे व्हिडिओ टाकत होता.

हल्ली ह्याचं काहीतरी बिनसलंय. दहावीचा ताण, दुसरं काय. रॅकेट आठवडाभर कपाटावर पडलंय. पोळी अर्धीच खातो. फोन अंघोळीला सुद्धा आत नेतो. कमलेश म्हणतो, वयच आहे, सोड. सोडलं.

थोड्या वेळानं स्वतःच बाहेर आला, जरा शांत होऊन. "आई, तुझ्या क्लासच्या ग्रुपवर सगळ्यांचे आईबाबा आहेत ना?"

"आहेत की."

"बंद कर ना तो ग्रुप. आणि पेजवर तुझा नंबर कशाला टाकलायस? हल्ली काहीही होतं. कोणीही काहीही पाठवू शकतं."

बघा! मी जगाला शहाणपण शिकवायला निघाले आणि माझ्या घरातच हा एवढा सावध मुलगा. जवळ घेतलं, तर अंग चोरलं. मोठा झालाय.

रविवार, १६ नोव्हेंबर

जमलं! मला वाटलं होतं त्याहून बरं जमलं.

सगळ्या मुली आल्या होत्या. आधी खाली माना, कोपरखळ्या, खुसखुस. मी सरळच सांगितलं. पाठवलेला फोटो आपला राहत नाही. प्रेमात असलात तरी नाही, आणि 'डिलीट केला' ह्या शब्दावर तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही. जो मागे लागतो, रुसतो, शपथा घालतो, त्याला एकदाच नाही म्हणायचं आणि ब्लॉक करायचं. आणि पाठवून बसल्या असाल तर? तर माझ्याकडे यायचं. मी ओरडणार नाही. कादंबरीनं हळूच विचारलं, "आईला सांगाल का पण?" मी म्हटलं, आधी तुला विचारेन. तिचा चेहरा इतका सैल पडला की मृणालला हे दाखवायला हवं होतं असं वाटलं.

शेवटी भावना उठली. वडिलांसारखी उंच, आणि आवाज खणखणीत. "मॅडम, फोटो मागणारे पण इकडचेच ना? मग त्यांना का ग्राउंडवर सोडलंय?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "त्यांनाही सांगू," म्हटलं. पोरगी बरोबर बोलत होती, आणि मला ते आधी सुचलं नाही ह्याचा राग आला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अद्वयनं ऑनलाइन टेस्ट सिरीजसाठी म्हणून मागच्या आठवड्यात पैसे नेले होते. आज परत मागितले. म्हटलं, दाखव तरी कसली सिरीज आहे. तर पासवर्ड विसरला!

गेम. नक्की गेममध्ये घालवतोय. कमलेशला सांगितलं, त्यानं आल्या आल्या फोन काढून घेतला. मग जे झालं ते मला अजून कळत नाहीये. पोरगा पांढराफटक पडला. बापाचा हात धरून गयावया करायला लागला. "बाबा, प्लीज. मला ऑनलाइन असावं लागतं. नाहीतर ते..."

"ते काय?"

"ग्रुप स्टडी आहे."

कमलेशचा जीव कळवळला आणि त्यानं फोन देऊन टाकला. माझा आपल्या मुलावर अविश्वास नाही, पण परीक्षा झाली की हा गेम बंद करणार आहे मी. व्यसन म्हणतात ते हेच.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज मुलगे. भावनाला दिलेला शब्द पाळला.

सगळे कोंबड्यांसारखे दाटीवाटीनं बसले होते. अद्वय शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. मी आज ठरवूनच कडक होते. म्हटलं, मुलींचे फोटो मागणं, ठेवणं, पुढे पाठवणं, तिन्ही गुन्हे आहेत. मजा म्हणून पाठवलात तरी गुन्हाच. तुमच्या बहिणीचा असता तर, असंही विचारलं. चांगली हजेरी घेतली सगळ्यांची. ऐकत होती पोरं.

मग विकीनं हात वर केला. हा लक्ष्मीताईंचा विकी म्हणजे वर्गातला नंबर एकचा वात्रट. "मॅडम, पोराचाच फोटो असला तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे पोराने पाठवलेला. आणि आता समोरचा धमकी देतोय की सगळ्यांना पाठवीन."

वर्ग फुटलाच. "विक्या, तुझा कोण बघणार बे!" "भावा, डिस्काउंटमध्ये पण नको!" टाळ्या काय, शिट्ट्या काय. आणि मलाही हसू आलं. आवरलंच नाही. कडक चेहरा ठेवून ठेवून दमले होते आणि ह्या माकडाचा फोटो डोळ्यांसमोर आला. "बस खाली, चेष्टा पुरे," म्हटलं आणि संपवलं.

विकी हसला नाही. त्याचं काहीतरी बिनसलं असावं, न सांगताच निघून गेला. अद्वय त्याच्या मागोमाग गेला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

विकी क्लासला आला नाही.

दुपारी ताईला फोनवर कालचं सगळं सांगितलं, विकीची गंमतही. ती हसेल असं वाटलं होतं. उलट म्हणाली, "तू हसलीस, आसावरी?"

"अगं, तो विकी आहे. त्याला तू ओळखत नाहीस."

"नाही ओळखत. पण कुठल्याही मुलानं एवढ्या पोरांसमोर उगाच असलं विचारलं असेल असं वाटतं तुला?"

फोन ठेवल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. विकीचाच फोटो आहे. नक्की त्याचाच. आणि त्यानं भर वर्गात येऊन सांगितलं, मुलींना मी सांगा म्हटलं होतं तसंच, आणि मी हसले! कसली मी समजावणारी. उद्या त्याच्या घरी जाऊन पाय धरते पोराचे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

क्रमानं लिहिते म्हणजे डोकं चालेल.

चार वाजता विकीकडे गेले. लक्ष्मीताई देवळात गेल्या होत्या. विकी गच्चीत पाण्याची टाकी धुवत होता. मी म्हटलं, विकी, परवा मी हसले ते चुकलं माझं. तुझ्यावर काय बेतलंय ते सांग, आपण दोघं मिळून निस्तरू.

"माझं काय नाय मॅडम. मी दुसऱ्याचं विचारलेलं."

"कोणाचं?"

"नाय सांगणार. शप्पथ घातलीय."

"अरे बाळा, नाव सांग, मी त्याच्या आईशी बोलते. ओरडणार नाही ती, मी समजावते तिला."

त्यानं नळ बंद केला. माझ्याकडे बघितलंच नाही. "काय उपयोग? त्याची आई पण हसलेली."

मी म्हटलं बरं, आणि जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी खरंच विचार करत होते की ही कुठली आई, आणि ती कधी हसली. मग पाय थांबले. त्या दिवशी त्या खोलीत आई एकच होती.

तिथेच पायरीवर बसले. पोळी, रॅकेट, टेस्ट सिरीज, ग्रुप बंद कर, बाबा प्लीज. सगळं माझ्याच हातानं इथे लिहून ठेवलंय आणि मला दिसलं नाही. पहिल्याच दिवशी वर तोंड करून लिहिलं होतं की मला मुलगा आहे ते बरंय.

ताईलाच फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "घरी जाऊन फोन हिसकावू नकोस. आणि 'का केलंस' हा प्रश्न आज विचारायचा नाही. आज काय, महिनाभर नाही."

घरी आले. अद्वय टेबलाशी, पुस्तक उघडं, नजर भलतीकडे. मी त्याच्या पलंगावर बसले. तो पाठमोरा.

म्हटलं, "विकीनं रविवारी प्रश्न विचारला आणि मी हसले. फार वाईट वागले. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, ते आता देते. तू नुसतं ऐक."

पाठ ताठ झाली.

"मुलाचा असला तरी तेच उत्तर. धमकी देणारा गुन्हेगार, मुलगा नाही. पैसे द्यायचे नाहीत, दिले असतील तर आता थांबायचं. चॅट पुसायचं नाही, त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. आणि एका मोठ्या माणसाला सांगायचं. ते माणूस तो फोटो दाखव म्हणणार नाही. का केलंस असंही म्हणणार नाही. त्याच्याबरोबर पोलिसांकडे जाईल, बाहेर थांब म्हटलं तर बाहेर थांबेल."

खाली भंगारवाला ओरडत गेला.

"आई, ती मुलगी नव्हतीच."

मग सगळं आलं. कल्याणची आहे, बॅडमिंटन खेळते म्हणाली. महिनाभर गोड बोलली. आधी तिनं फोटो पाठवला, मग मागितला, आणि ह्यानं पाठवला त्याच संध्याकाळी कुणी पुरुष हिंदीत लिहायला लागला. माझ्या क्लासचं पेज, माझा नंबर, पालकांची नावं, सगळं काढलं होतं त्यांनी. तेरी माँ को पहले भेजूँगा. हे वाक्य माझ्या मुलानं मला म्हणून दाखवलं आणि मग ओक्साबोक्शी रडला. माझ्या मांडीत मावत नाही आता, पाय पलंगाबाहेर लोंबकळत होते. "मला वाटायचं, झोपेतून उठूच नये," म्हणाला. ते ऐकून मी त्याला इतकं घट्ट धरलं की तोच म्हणाला, आई, दुखतंय.

कमलेश आला. त्याला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. त्यानं ओट्यावर हात आपटला, एकदाच. मग तोंड धुतलं, आत जाऊन अद्वयच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उद्या रजा टाकतोय. जाऊ आपण तिघं." मी ह्या माणसाला गेले पंधरा दिवस नावं ठेवतेय.

बुधवार, २६ नोव्हेंबर

ठाण्याला सायबर पोलिसांकडे जाऊन आलो. ताई तिथेच येऊन उभी होती. तक्रार घेणाऱ्या बाई माझ्याहून लहान, पण काय धीराच्या! पहिलं वाक्य अद्वयलाच म्हणाल्या, "तू काही गुन्हा केलेला नाहीस. गुन्हा तुझ्याबाबतीत झालाय. त्यामुळे मान वर."

फोटो कुणालाही पाठवायचा नाही, आम्ही मागितल्याशिवाय आम्हालाही नाही, असं त्यांनी बजावलं. खात्याचं नाव, चॅट, पैसे कुठे गेले ते, एवढं घेतलं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी एक मोफत सोय असते म्हणे. फोटो कुठे न पाठवता आपल्या फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यावरून मोठ्या साइट तो फोटो अडवतात. ते अद्वयनं स्वतः भरलं, आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.

मी विचारलं, आता ते पाठवणार नाहीत ना? बाई म्हणाल्या, "बहुतेक वेळा पैसे बंद झाले की नाद सोडतात. पण खोटं कशाला सांगू? कधीकधी पाठवतात."

खोपटला एसटी स्टँडसमोर चहा घेतला. अद्वयनं दोन वडे खाल्ले. दोन! मी दुसरीकडे बघितलं, नाहीतर तिथेच रडले असते.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पाठवला त्यांनी.

दुपारी वह्या तपासत होते. अनोळखी नंबर. माझ्याकडे दिवसाला कितीतरी नवे पालक मेसेज करतात, सवयीनं बोट गेलं आणि उघडला. दिसला. पटकन फोन पालथा घातला, पण दिसला तो दिसला.

पाच मिनिटांत मृणालचा फोन. आवाज नुसता कापत होता. "आसावरी, मला काहीतरी आलं. मी ब्लॉक केलं, पुसलं, कुणाला दाखवलेलं नाही. कादंबरीला तर नाहीच. ऐकतेयस ना? चार वाजता कादंबरीला पाठवतेय क्लासला. नेहमीसारखी." असलं काही नसतं म्हणणारी हीच ती. तिला मी मनात फार बोलले होते, ते सगळं परत घेतलं.

पोलीसबाईंना नंबर कळवला. मग अद्वयच्या खोलीपाशी गेले. न सांगण्याचा मोह झाला, खोटं कशाला लिहू. नाही आला म्हटलं असतं तर ते पोर आज शांत झोपलं असतं. पण मीच सगळ्यांना सांगत फिरतेय ना, लपवू नका, येऊन सांगा. मग मला वेगळा नियम कसा?

"अद्वय, मला आला तो मेसेज. मृणालमावशीला पण. नंबर पोलिसांना दिलाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू उघडलास?"

"पालक असतील वाटलं. हो."

"बघितलास?"

"क्षणभर. हो, बघितला."

त्याचे दोन्ही हात तोंडावर. हातांच्या आडूनच म्हणाला, "मला हीच भीती होती. बाकी कुणी बघितला तरी चालेल, पण तू नको. ह्याच्याचसाठी सगळे पैसे दिले मी."

"माहीत आहे रे."

"म्हणजे झालं आता ते."

"हो. झालं."

"मग?"

म्हटलं, "मग काय? साडेतीन वाजलेत. तू अजून जेवला नाहीयेस. आमटी गरम करू का?"

त्यानं हात खाली घेतले. डोळे लालभडक. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होता, रागाचं किंवा किळसेचं, आणि मी त्याला पोटभर शोधू दिलं. तिथे तसलं काही नव्हतंच.

"कर," म्हणाला. "आणि भात पण वाढ."